ओळंब्याचं सबमिशन

त्याला ओळंबा हे नाव मीच ठेवलं. पहिल्या वर्षी, स्टुडिओतल्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा पोरगा उंच, किडकिडीत. मान खाली घालून दुसऱ्याच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि एक अक्षर न बोलता त्याच्या कागदावर लोंबकळत राहायचा. काम वाकडं असलं की आपलं आपल्यालाच कळायचं. मी वैतागून म्हटलं, "ए ओळंब्या, सावली पडतेय माझ्या कागदावर, सरक तिकडं." सगळे हसले, तोही हसला, आणि पुढं आठ वर्षं कॉलेजात त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही.

माझं नाव त्यानं ठेवलं, घाईबाई. ते मला अजून चिकटलेलं आहे. आता विद्यार्थी पाठीमागं म्हणतात एवढंच. म्हणू देत. नाव खोटं नाही, हे मी पुढं सांगणारच आहे.

आमचा स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक हॉल. एका बाजूला खिडक्या, मध्ये चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर ब्लेडचे चरे, आणि डिंकाचा वास जो घरी जाऊन केस धुतले तरी जात नाही. घरं, शाळा, दवाखाने कसे रचायचे ते इथं शिकायचं. शिकायचं म्हणजे काय, तर आपण काढायचं, भिंतीवर टाचण्यांनी लावायचं आणि त्यासमोर उभं राहून प्रश्न झेलायचे. त्याला ज्युरी म्हणतात. मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काढायला मी तुम्हाला सहा महिन्यांत शिकवीन. काढलेलं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला पाच वर्षं कमी पडतील." आम्ही वहीत लिहून घेतलं आणि विसरलो.

ओळंब्याला ते येतानाच येत होतं. आमचं पहिलं काम होतं, एक बसथांबा. मी फार खुशीत होते. वळणदार छप्पर, एका बाजूला उंच भिंत, तिला गोल खिडकी. मला वाटलं, आता सर माझी पाठच थोपटतात. हा आला, लोंबकळला आणि हळूच म्हणाला, "अगं, बस कुठल्या बाजूनं येते?"

"डावीकडनं."

"आणि भिंत कुठंय?"

भिंत डावीकडंच होती. बाकावर बसलेल्या माणसाला बस दिसणारच नव्हती. असा राग आला म्हणता! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भिंत उजवीकडं घेतली. ज्युरीत मोठे सर म्हणाले, "हिला बस पकडायची अक्कल आहे." ती अक्कल कुणाची होती ते मी सांगितलं नाही.

त्याची रीतच तशी. चूक आहे असं कधी म्हणायचा नाही. नुसतं विचारायचा. इथं एखादी म्हातारी आली तर तिला दार कुठंय ते कळेल का? दोन्ही हातांत सामान असलं तर ही कडी कशी उघडायची? पाऊस तिरका आला तर? त्याच्या एकेका प्रश्नानं आम्ही आठवडाभराचं काम फाडलेलं आहे, आणि पुढच्या कामाला चांगले मार्क मिळवलेले आहेत. माझं तर अख्खं शिक्षण त्याच्या प्रश्नांवर झालं. सरांकडून शिकले ते वेगळं.

आणि त्याचं स्वतःचं? त्याचं कधी पुरं व्हायचंच नाही. तेच प्रश्न तो स्वतःला विचारायचा, पण तिथं थांबवायला कुणी नसायचं. जिना काढला की जिन्याला प्रश्न, खिडकी काढली की खिडकीला प्रश्न. सबमिशनच्या सकाळी आम्ही सहा-सहा शीट भिंतीवर लावायचो आणि ह्याची दीड. त्या दीड शीटमध्येही असं काही असायचं की मोठे सर पुन्हा पुन्हा बघायचे आणि पास करून टाकायचे. पण शेवटच्या वर्षीचा प्रकल्प असा दीड शीटवर सुटत नाही. तिथं बाहेरचे परीक्षक येतात. पाचव्या वर्षी तो आलाच नाही. पुढची दोन वर्षं दारापर्यंत आला आणि गुंडाळी घेऊन परत गेला. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आठ वर्षांत संपवायचा असा विद्यापीठाचा नियम आहे. आठवं वर्ष उजाडलं तेव्हा मी पुढचं शिक्षण संपवून त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते, आणि तो अजून विद्यार्थीच होता.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा तेव्हा गेले. दोन खोल्या. वडील फरशी बसवायचं काम करत. आयुष्यभर उकिडवं बसून दुसऱ्यांच्या घरांच्या जमिनी सपाट केल्या. स्वतःच्या घरातली जमीन ठिकठिकाणच्या उरलेल्या तुकड्यांची, पांढरा, हिरवा, काळा, कुठं लाल. पण गोटी ठेवली तर जागची हलणार नाही इतकी सपाट. काका बोटाचं पेर फरशीवर वाजवून सांगत, "ही बघ पोरी, भरीव. पोकळ वाजली की उखडायची. खालचा सिमेंटचा माल ओला आहे तोवरच उखडायची, मग नाही निघत." चार-चार दिवसांचं काम त्यांनी स्वतःहून उखडलेलं होतं, मालक नको नको म्हणत असताना. ओळंब्या कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

काकांचे गुडघे त्या वर्षी पुरते गेले. काम सुटलं. चहा पिता पिता ते म्हणाले, "मी जन्मभर उकिडवा बसलो. घरातला एक माणूस तरी खुर्चीत बसलेला बघू दे." हसत म्हणाले, पण पोराकडं बघितलं नाही. पोरगाही खाली बघत होता. त्याची आई तो नववीत असताना दवाखान्यातच वारली, एवढंच मला माहीत होतं. त्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

परत निघताना मी त्याला जिन्यात गाठलं. "हे बघ," म्हटलं, "ह्या वेळी तू पुरं करणार आहेस. मी रोज येणार, तुझ्यासमोर बसणार. पण कागदाकडं बघणार नाही. तू मला काही विचारायचं नाही, मी तुला काही सांगायचं नाही. नुसतं पुरं करायचं. कबूल?"

तो म्हणाला, "न बघता कसं चालेल?"

"बघितलं की मी काहीतरी बोलणार. बोलले की तू खोडणार. तुझं खोडरबर आधी माझ्याकडं दे."

त्यानं खरंच दिलं.

दोन महिने मी गेले. कॉलेज सुटलं की थेट तिकडं. तो खिडकीशी टेबलावर, मी त्याच्याकडं पाठ करून वह्या तपासत. काका पलंगावर पाय लांब करून. विषय त्यानं स्वतः निवडलेला, दवाखान्यात भरती असलेल्यांच्या नातेवाइकांसाठी राहायची जागा. महिना-महिना लोक व्हरांड्यात, जिन्याखाली पडून असतात, त्यांच्यासाठी. त्यानं मला एवढंच सांगितलं होतं, आणि मीही पुढं विचारलं नाही. करार म्हणजे करार.

मध्येच तो म्हणायचा, "एकदाच बघ ना गं. काहीतरी खटकतंय, कळत नाहीये."

"डोंबलाचं खटकतंय. पुढं काढ."

"आणि चुकत असलं तर?"

"चुकू दे. लोक चुकलेल्या घरांत राहतातच की."

काका तिकडून हसायचे. हळूहळू कागद भरले. एक शीट, तीन, सात. शेवटच्या आठवड्यात त्यानं मॉडेल केलं, पुठ्ठ्याचं, आणि त्यावर फडकं टाकलं, मला दिसू नये म्हणून. मी इतकी खूश होते त्या दिवसांत! शिक्षिका म्हणून माझ्या हातून झालेलं पहिलं चांगलं काम, असं मला वाटत होतं. दोन महिन्यांत मी त्या कागदांकडं एकदाही मान वळवली नाही. एकदा वळवली असती तर.

ज्युरीच्या दिवशी मी परीक्षकांत नव्हतेच. नसायलाच हवं होतं. पण तिसरे परीक्षक आजारी पडले आणि मोठे सर म्हणाले, "तू बस." मी त्याची मैत्रीण आहे, नको, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "इथं कोण कुणाची मैत्रीण नाही? बस." तर टेबलामागं आम्ही तिघं, मोठे सर, बाहेरून आलेले एक आर्किटेक्ट आणि मी. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मागच्या रांगेत एका उंच स्टुलावर बसले, गुडघा वाकत नव्हता म्हणून. मला बघून त्यांनी बुटानं जमिनीवर टकटक केलं आणि मान हलवली. तुमच्या हॉलची फरशी पोकळ आहे. मला हसू आवरेना.

आणि भिंतीवर त्याच्या अकरा शीट. पुऱ्या. मी पहिल्यांदा बघत होते. काय सांगू तुम्हाला. खोल्या लहान, पण प्रत्येक खोलीला बसल्या-बसल्या बाहेर दिसेल अशी खिडकी. रडायचं असलं तर कुणाला न दिसता बसता येईल असे व्हरांड्यात कोनाडे. डबे धुवायची जागा, कपडे वाळत घालायची जागा, सगळं. आणि सगळ्या इमारतीचं तोंड मागच्या बागेकडं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो बोलायला उभा राहिला आणि शेवटपर्यंत बोलला. मोठे सर टेबलावर बोटं वाजवत होते, ते खूश असले की वाजवतात.

बाहेरचे आर्किटेक्ट म्हणाले, "सुंदर. दर्शनी बाजू जरा फिकी वाटते, तिथं एखादा रंग चालला असता." रंग! एवढ्या कामावर ह्या माणसाला रंग सुचला. माझ्या नाकाला झोंबलं ते. सर माझ्याकडं वळले. "तुम्हाला काही विचारायचंय?"

'नाही' म्हणायचं होतं. एवढंच. पण मला दिसलं होतं ते, शीट लागल्या-लागल्या दिसलं होतं. आणि खरं सांगते, मला दाखवायचं होतं. त्या रंगवाल्याला दाखवायचं होतं की काम कसं बघतात, आणि ओळंब्याला दाखवायचं होतं की बघ, तुझ्याकडनं मी किती शिकले. मला वाटलं त्याला बरं वाटेल. मेली जीभ ही. मी अगदी त्याच्यासारखंच, हळू आवाजात विचारलं, "ह्या टोकाच्या खोलीतल्या माणसाला वॉर्डातून बोलावणं आलं, लगेच या म्हणून, तर तो कुठून जाईल?"

तो वळला. प्लॅनवर बोट ठेवलं आणि चालवायला लागला. खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्याला, जिन्यावरून बागेत. बागेच्या टोकाला फाटक. फाटकातून बाहेर, मग सबंध भिंतीला वळसा घालून पुढं. दवाखान्याच्या बाजूला त्यानं दारच ठेवलं नव्हतं. त्या बाजूला एक खिडकीसुद्धा नव्हती. बोट भिंतीच्या मध्यावर थांबलं.

"उशीर होईल," तो म्हणाला.

मग त्यानं पहिल्या शीटची टाचणी काढली. मला कळलंच नाही काय करतोय ते. दुसरी काढली. मोठे सर उठून उभे राहिले. "अरे बाबा, हे काय? पेन्सिल घे, त्या भिंतीत एक दार काढ आणि पास होऊन घरी जा. मी सांगतोय ना!"

"एक दार नाही सर. तोंडच उलटं आहे सगळ्याचं." माझ्याकडं बघून तो हसला, रागानं नाही, अगदी खरं हसला. "बरोबर विचारलंस."

"अरे, मी सहज विचारलं," मी म्हणत होते. "इतर सगळं किती चांगलं आहे, थांब ना, अरे थांब." अकरा शीटच्या चव्वेचाळीस टाचण्या. त्यानं एकेक काढून डबीत भरली आणि कागद गुंडाळून निघून गेला. ते आठवं वर्ष होतं.

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, पाय सरळ करून. मी धावत गेले. ते म्हणाले, "मॅडम." तोवर कायम पोरी म्हणायचे.

"काका, एक दार राहिलं होतं फक्त. माझं चुकलं. मी बोलायलाच नको होतं."

"नाही. पोकळ वाजली, त्यानं उखडली. त्याचं काही चुकलं नाही." मग गुडघा चोळत म्हणाले, "त्याची आई वॉर्डात होती ना, तेव्हा आम्ही दोघं मागच्या बाजूच्या झाडाखाली बसायचो. दुपारची वेळ. वरनं खिडकीतून नर्सनं हाक मारली, या लवकर. मागचं दार कुलूपबंद. सगळा वळसा घालून आलो. मी त्याला सांगितलं, आपण उडत आलो असतो तरी उपयोग नव्हता, ती केव्हाच गेली होती. नर्स मला वेगळंच सांगून गेली होती. त्याची आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती म्हणून. ते मी त्याला कधी कळू दिलं नाही, इतकी वर्षं." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "त्याला माहीत होतं, मॅडम. आज मला कळलं."

त्या पोरानं दवाखान्याकडं पाठ करून इमारत काढली, कारण तिकडं त्याला बघवत नव्हतं. आणि मी चारचौघांत त्याची मान धरून त्याला तिकडं बघायला लावलं, ते पण त्याच्या बापासमोर. माझा प्रश्न बरोबर होता. आजही बरोबर आहे. विद्यार्थ्यांना मी सांगते की कागदावर बोट ठेवून चालून बघा, कुठं उशीर होतोय ते कळेल.

मोठ्या सरांनी विद्यापीठाला मुदतवाढीसाठी अर्ज लिहिला. त्यावर त्याची सही लागत होती. त्यानं केली नाही. काका दोन वर्षांनी वारले. मी भेटायला गेले होते. तो दारात उभा होता, मला म्हणाला, "आत ये, चप्पल असू दे." तेवढंच आमचं बोलणं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत प्लॅन छापून देण्याचं दुकान आहे, तिथं तो कामाला लागल्याचं कळलं. तिथं मालकालासुद्धा दिवसभर उभंच राहावं लागतं. मी तिकडं पाऊल टाकत नसे. माझे कागद कुणाकुणाबरोबर पाठवायचे आणि कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायचे.

मागच्या महिन्यात गेले. सबमिशनचे दिवस, शिपाई रजेवर, कागद दुपारपर्यंत हवे होते. दुकानात पोरांची ही गर्दी. तो मशिनपाशी, मान खाली, केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून म्हणाला, "घाईबाई, रांगेत उभी राहा." मी राहिले. इतक्या वर्षांत त्याला काय काय म्हणायचं ते मी शंभर वेळा ठरवलं होतं.

माझ्या पुढं माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिची ज्युरी, परीक्षकांत मी. तिनं बालवाडी काढली होती. मशिनमधून शीट बाहेर आली, त्यानं ती काउंटरवर पसरली आणि सवयीनं तिच्यावर लोंबकळला. मीही मागून बघितलं. वर्गखोलीचं दार थेट जिन्याच्या तोंडाशी उघडत होतं. घंटा झाली की पहिलं धावत सुटणारं पोर खालीच. त्याचं बोट त्या दारापाशी आलं, क्षणभर थांबलं. त्यानं बोट उचललं, कागद गुंडाळला, रबर लावलं आणि तिच्या हातात दिला. "छान झालंय," म्हणाला. पोरगी अशी फुलली की बस. पळाली बाहेर.

माझ्यानं राहवलं नाही. "तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"मग विचारलं का नाहीस? उद्या सगळ्यांसमोर मला विचारावं लागेल. आज तू विचारलं असतंस तर तिनं बदललं तरी असतं."

तो पुढच्या पोराचा पेन ड्राइव्ह घेत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिचे वडील आलेत बरोबर. दारात उभे आहेत."

मग त्यानं त्या पोराला विचारलं, किती प्रती. मी रांगेतून बाहेर पडले आणि रस्त्यावर आले. ती मुलगी दुचाकीवर वडिलांच्या मागं बसत होती, आणि ते गुंडाळी वाकू नये म्हणून ती कशी धरायची ते तिला सांगत होते. मी तिला हाक मारली. ती खाली उतरून माझ्याकडं आली तेव्हा मी तिला थोडं पुढं, वडिलांना ऐकू जाणार नाही इतकं लांब नेलं, आणि मग विचारलं.